हवेचं वजन

माझी भाची नरक चतुर्दशीच्या पहाटे जन्मली. एकोणतिसावा आठवडा, वजन १,१५० ग्रॅम. वहिनीच्या पायांवर आठवडाभर सूज होतीच, पण आदल्या संध्याकाळी बीपी एकाएकी चढलं. डॉक्टरीणबाईंनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आता थांबलो तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतेल. बाहेर फटाके सुरू झाले होते. घरी उटण्याची वाटी पाटाशेजारी तशीच वाळून गेली.

वहिनीला तिथंच आयसीयूत ठेवलं आणि बाळाला शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयाच्या नवजात कक्षात हलवलं. दादा दोन्हीकडं पळत होता, म्हणून बाळापाशी थांबायचं काम माझ्याकडं आलं. तिथं आईवडलांशिवाय कुणाला आत घेत नसत. आमची अडचण बघून सिस्टरांनी मला सोडलं. हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन घालायचा, टोपी घालायची, आणि तीन तासांतून एकदा दहा मिनिटं आत जायचं. उरलेला वेळ बाहेरच्या बाकावर. आई आणि आबा तिथंच बसून असत. आईच्या मांडीवर डबा असे, तो कुणी उघडत नसे.

मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. पृष्ठताण, वायूंचे नियम, नळीतून वाहणारा द्रव ही प्रकरणं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय. त्या आठवड्यात ती सगळी दीड वितीच्या एका जिवाच्या छातीत चाललेली बघितली.

पोटात असताना बाळाचं फुप्फुस द्रवानं भरलेलं असतं. जन्मल्याबरोबर ते हवेनं उघडावं लागतं. आतले वायुकोश म्हणजे ओल्या अस्तराचे अतिसूक्ष्म फुगे. पाण्याचा पृष्ठताण त्यांना सतत आत ओढतो, आणि फुगा जितका लहान तितकी ही ओढ जास्त. आपल्या फुप्फुसात ती मोडायला साबणासारखा एक पदार्थ असतो, सरफॅक्टंट. तो पुरेसा व्हायला गर्भाचे चौतीस-पस्तीस आठवडे भरावे लागतात. त्याआधी आलेलं बाळ श्वास घेतं तेव्हा वायुकोश उघडतात आणि श्वास सोडला की परत चिकटून बसतात. लग्नघरात फुगे फुगवलेल्या कुणालाही विचारा, पहिली फुंकर सगळ्यात अवघड जाते. पुढं फुगा सैल होतो. या बाळांचा फुगा सैल होतच नाही. त्यांना मिनिटाला साठ वेळा पहिलीच फुंकर घालावी लागते.

हे कारण मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर चार वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांच्या आत याच आजारानं गेला. त्याचं वजन दोन किलोच्या वर होतं. आमच्या बाळाच्या जवळजवळ दुप्पट. जगातली हवी ती मदत ज्या घराला मिळू शकत होती तिथंही त्या काळी बाळाला देण्यासारखं फारसं काही नव्हतं. पुढं १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरींनी नाकातोंडाशी सतत थोडा दाब ठेवून वायुकोश मिटू न देण्याची पद्धत आणली. तीच सीपॅप. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून दाखवलं. हे मला नंतर कळलं. त्या पहाटे मला एवढंच सांगितलं होतं की नळी घालून औषध सोडलंय आणि बाळ व्हेंटिलेटरवर आहे.

कोल्हापूरच्या माणसाला आकड्यावर जीव टांगून बसायची सवय असते. पावसाळ्यात रात्री दोन वाजता जाग आली तरी आम्ही आधी विचारतो, "बंधाऱ्यावर किती?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना पोचली की इशारा, ४३ ला धोका. ४१ आणि ४२ च्या मधल्या त्या एका फुटात लोक कपाटं वर चढवतात, गुरं सोडवतात, पोरांना मामाकडं धाडतात. नवजात कक्षातला मॉनिटर मी त्याच नजरेनं बघायला शिकले, त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के दिसायचे. ९२, ९१, ८९. सिस्टर न बघता सांगायच्या, "येतंय वर, थांबा." आणि यायचं.

चौथ्या दिवशी भाऊबीज होती. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, फुप्फुस बरंच उघडलंय, आज नळी काढून बघू. दादा दुपारी धापा टाकत आला. कक्षाच्या दाराशी छोटा देव्हारा होता, त्यातलं कुंकू सिस्टरांनी कागदावर दिलं. मी त्याला बाकावर बसवून लावलं. तबक नव्हतं, निरांजन नव्हतं. त्यानं खिशातनं पाचशेची नोट काढली आणि मी ती परत त्याच्याच खिशात घातली. तीनच्या सुमाराला बाळाची नळी काढली. आम्ही काचेतून बघितलं. पहिल्यांदाच तिचं तोंड दिसलं, पट्ट्या काढल्यामुळं गाल लाल झालेले.

संध्याकाळी तो आवाज सुरू झाला.

श्वास आत घेताना प्रत्येक वेळी येणारा, शिट्टी आणि घरघर यांच्या मधला. एवढ्याशा जिवाचा आवाज असा असू शकतो हे पटत नव्हतं. गळ्याखालची खळगी आत जायची, बरगड्या एकेक मोजता याव्यात अशा दिसायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, नळीमुळं स्वरयंत्राच्या खाली आतून सूज आलीय, काही बाळांना येते. ॲड्रिनॅलिनची वाफ देतोय, स्टेरॉइड देतोय, सीपॅप चालूच आहे. सूज उतरेपर्यंत तिनं तग धरली तर ठीक, नाहीतर पुन्हा नळी घालावी लागेल आणि प्रत्येक वेळी सूज वाढण्याची भीती. मी विचारलं, "आणखी काही करता येत नाही?" ते क्षणभर थांबले. म्हणाले, "बाहेरच्या काही केंद्रांत अशा वेळी हेलिऑक्स देतात. हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण. त्यानं सूज उतरत नाही, पण उतरेपर्यंत श्वासाचे कष्ट कमी होतात. आपल्याकडं ते नाही."

ते खरं बोलले याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

त्या रात्री मला आत गेल्यावर बाळाला हात लावू दिला नाही. कक्षातला दिवा मंद केलेला. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "रडली तर आणखी अडकेल. नुसतं बघा." मी दहा मिनिटं पेटीपाशी उभी राहिले आणि बाहेर आले.

आबांचं उद्यमनगरात छोटं शेड आहे. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपांची कामं. चाळीस वर्षं त्यांनी आर्गन मारलंय, म्हणजे टिग वेल्डिंग. आत जायला त्यांना परवानगी नव्हती. "कसा आवाज येतोय?" त्यांनी विचारलं. मी तोंडानं काढून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते.

"नॉझल चोक झाल्यावर असाच येतोय," मग म्हणाले. "दाब वाढवत गेलं की आवाज वाढतोय. गॅस तेवढा वाढत न्हाई."

हे वाक्य मी इतकी वर्षं पोरांना शिकवत होते, फक्त इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. नळीतला प्रवाह दोन तऱ्हांचा असतो. उन्हाळ्यात घाटावरची पंचगंगा बघावी, एकावर एक पाण्याचे थर नुसते सरकत असतात. तीच नदी पुरात बंधाऱ्यावरून पडताना बघावी, सगळीकडं भोवरे आणि फेस. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून हा फरक दाखवला. संथ प्रवाहात दुप्पट हवा हवी तर दुप्पट जोर पुरतो. भोवऱ्यांच्या प्रवाहात दुप्पट हवेला चौपट जोर लागतो. उरलेला सगळा जोर भोवऱ्यांत आणि त्या आवाजात जातो. बाळ रडलं की हवा जोरात ओढतं, भोवरे वाढतात, कष्ट वाढतात, कष्टानं आणखी रडू येतं. दिवा मंद का केला होता ते मला बाकावर बसल्यावर कळलं.

आणि ही नळी केवढी? बाळाच्या घशात घातलेल्या नळीचा आतला व्यास तीन मिलिमीटर. "तीन एमेम?" आबा म्हणाले, "म्हंजे आपल्या फिलर वायरीएवढं." श्वासनलिकेचं ते ठिकाण चार मिलिमीटर धरलं आणि सगळीकडून एकेक मिलिमीटर सूज आली तर दोन उरतात. संथ प्रवाहातसुद्धा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे सोळापट. तेवढीच सूज माझ्या-तुमच्या नळीत आली, ती आठच मिलिमीटर धरली, तरी अडथळा तिप्पट होतो आणि आपण घसा बसलाय म्हणतो.

भोवरे होणार की नाही हे चार गोष्टींवर ठरतं: वेग, नळीची रुंदी, वायूचा चिकटपणा आणि घनता. सुजलेल्या घशात पहिल्या तिन्हींचं लगेच फारसं काही करता येत नाही. हवेचं वजन मात्र बदलता येतं. आपण श्वासात घेतो त्यातला चार पंचमांश नायट्रोजन शरीराच्या काही कामाचा नाही, पण तो ओढावा लागतो आणि सोडावा लागतो. त्या जागी हेलियम घातला, ऑक्सिजन तेवढाच ठेवला, की मिश्रणाची घनता हवेच्या एक तृतीयांश होते. चिकटपणा जवळपास तोच राहतो. अरुंद जागेतले भोवरे विरतात, प्रवाह संथ होऊ लागतो. कार्बन डायऑक्साइडसुद्धा त्या हलक्या वायूतून लवकर वाट काढतो. हेलियम बाकी काहीच करत नाही. कशाशी संयोग पावत नाही, कुठं साठत नाही. ओझं घेतो आणि बाहेर पडतो.

वर्गात मी नवरात्रातल्या अंबाबाईच्या महाद्वाराचं उदाहरण द्यायचे. गर्दीत मोठी माणसं एकमेकांत अडकतात आणि पोरं पायांमधनं निसटून पुढं जातात. उदाहरण पूर्ण खरं नाही, पण पोरांना कळायचं. त्या रात्री ते मलाच सांगत बसले.

न्यूयॉर्कचे डॉक्टर अल्व्हन बॅराक यांनी १९३४ मध्ये हा विचार पहिल्यांदा मांडला आणि दम्याच्या, घसा अडलेल्या रुग्णांना हेलियम-ऑक्सिजन देऊन बघितलं. दम्याची औषधं आल्यावर ते मागं पडलं. नवजात बाळांसाठी ते पुन्हा पुढं आलंय, हळूहळू. २०१२ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २८ ते ३२ आठवड्यांच्या ५१ बाळांवर प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना सीपॅप, काहींना पहिले १२ तास साध्या हवेऐवजी हेलिऑक्समधून. साध्या हवेच्या गटात २४ पैकी ११ बाळांना पुढं व्हेंटिलेटर लागला, हेलिऑक्सच्या गटात २७ पैकी ४ बाळांना. फोनच्या उजेडात हे आकडे वाचताना माझे हात थरथरत होते. पण मी शास्त्र शिकवते. एक्कावन्न बाळं म्हणजे दोन वर्गखोल्यासुद्धा भरत नाहीत, एवढ्यावर जगभर उपचार बदलत नाहीत आणि बदलूही नयेत. थोड्या मोठ्या बाळांना श्वासनलिकांचा संसर्ग होतो तेव्हा हेलिऑक्सनं पहिल्या तासाभरात धाप कमी झालेली दिसते, पण व्हेंटिलेटर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. शिवाय बाळाला ऑक्सिजन जितका जास्त लागेल तितकी हेलियमला जागा कमी. निम्म्याच्या वर ऑक्सिजन लागत असेल तर फायदा जवळपास संपतो. मी त्या रात्री या सगळ्या ओळी दोनदोनदा वाचल्या, कारण आशेनं एकच ओळ वाचायची ओढ लागते.

आबांना हेलियम नवा नव्हता. टिग वेल्डिंगचं जुनं नावच हेलिआर्क, कारण सुरुवातीला ज्योतीभोवती हेलियमचं कवच असायचं. पहाटे तीनच्या सुमाराला ते एकदम म्हणाले, "ताई, पुण्यासनं सिलिंडर मागवता येतोय. लीक टेस्टिंगला वापरत्यात. सांग, आत्ता फोन लावतो."

मी त्यांच्याकडं बघितलं. सहा फुटांचा माणूस, हातावर ठिणग्यांचे पांढरे डाग, आणि ते खरंच फोन हातात घेऊन बसले होते.

मी सांगितलं, आबा, तो नाही चालत. नुसता हेलियम दोन-चार श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, त्यात ऑक्सिजन नसतो. औषधाचं मिश्रण कारखान्यातच भरून येतं, निदान वीस टक्के ऑक्सिजन घालूनच, म्हणजे चुकूनही शुद्ध हेलियम जाऊ नये. आणि हेलियम उष्णता हवेच्या सहापट वेगानं वाहून नेतो. एवढं बाळ गार पडलं तर तेवढ्यानंच जाईल. गरम करून, ओलावा देऊनच तो सोडावा लागतो. व्हेंटिलेटरचे सेन्सर हवेसाठी बनवलेले, ते हेलिऑक्स चुकीचं मोजतात. ऑक्सिजनच्या फ्लो मीटरवर १० लिटर दिसले तर खरे १८ जात असतात.

"जाणारच," आबा म्हणाले. "आर्गनचा मीटर सीओटूला लावला तरी चुकतोय. मीटर ज्याचा त्यालाच लावायचा."

औषधांच्या बिलामागं मी त्यांना गणित करून दाखवलं. ऑक्सिजनचं रेणूवजन ३२. ऐंशी-वीसच्या मिश्रणाचं सरासरी ९.६. भागाकार ३.३३, त्याचं वर्गमूळ १.८३. ते आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. मग फोन खिशात ठेवला.

"मला कळतंय गं," म्हणाले. "नुसतं बोललो."

त्याच इमारतीच्या तळमजल्यावर एमआरआयचं यंत्र होतं. जुन्या धाटणीच्या अशा यंत्रात हजार-दीड हजार लिटर द्रव हेलियम असतो, उणे २६९ अंशांवर, चुंबक थंड ठेवायला. तो बाळाला देता येत नाही हे मला माहीत होतं. तरी दोन मजले खाली तो आहे हा विचार डोक्यातून जात नव्हता. आपला देश हेलियम जवळजवळ सगळा बाहेरून आणतो. तो नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून निघतो. युरेनियम-थोरियम कोट्यवधी वर्षं क्षय पावत असताना खडकांत साठलेला असतो. एकदा सुटला की पृथ्वी त्याला धरून ठेवू शकत नाही, वर जातो आणि अवकाशात निघून जातो. म्हणून वाढदिवसाच्या फुग्यात हेलियम भरलेला बघितला की आता मला वाईट वाटतं. कुणाच्या आनंदावर विरजण घालायचं नाही, पण वाटतं.

आई त्या संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात जाऊन आली होती. ९ नोव्हेंबर, किरणोत्सवाचा पहिला दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून, गरुड मंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. मधे कुणाचा मजला वाढला, धूर-धुकं आलं की किरणं वाटेत विरतात. भौतिकशास्त्राची प्राध्यापक मंडळी लक्स मीटर घेऊन पायरीपायरीवर प्रकाश मोजतात आणि गाव त्या आकड्याची वाट बघतं. आईनं माझ्या हातावर कुंकू ठेवलं. "पायाशी आली," एवढंच म्हणाली. पुढचे दोन दिवस ती गेली नाही, बाकावरच बसली.

हेलियम पहिल्यांदा सापडला तो सूर्यावर, पृथ्वीवर सापडायच्या आधी २७ वर्षं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली आपल्याच मुलखावरून गेली. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, जमखंडीला दुर्बीण लावून बसला होता. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, आमच्याकडच्या कितीतरी सुना तिथल्या. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशात तेजस्वी रेघा दिसल्या, त्यांत एक पिवळी. ती सोडियमची असावी असं आधी वाटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहण नसताना ती बघितली आणि ती सोडियमच्या जागी बसत नाही हे नक्की झालं. सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. १८९५ मध्ये रॅमझी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून तो पृथ्वीवर मिळवला. विजयदुर्गावरचे 'साहेबाचे कट्टे' बघायला आम्ही करूळ घाटातून पोरांची सहल नेतो तेव्हा तिथं सांगतात की लॉकयरनं इथूनच हेलियम शोधला. मी पोरांना सांगते, लॉकयर विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्याचं मोठेपण तेवढ्यानं कमी होत नाही.

पहाटे पाचला सिस्टरांनी दार उघडून मला बोलावलं. मला वाटलं पुन्हा नळी घालायची सही हवी असेल. त्या म्हणाल्या, "ऐका." मी कान दिला. बाटलीतल्या पाण्यात सीपॅपचे बुडबुडे बुडबुड करत होते, पाच सेंटिमीटर पाण्याचा दाब, एवढंच ते साधं यंत्र. त्याखाली तिचा श्वास होता, खरखरीत, पण शिट्टी कमी झालेली. खळगी अजून आत जात होती, आधीएवढी नाही. मॉनिटरवर ९३.

सूज उतरायला आणखी दोन दिवस लागले. ते दोन दिवस तिनं स्वतःच्या बरगड्यांवर काढले. तिला जे कष्ट पडले त्यांतले काही कमी करता येण्यासारखे होते, हे मला माहीत होतं आणि तिच्या पेटीपाशी उभं राहून ते माहीत असणं फार जड होतं.

लोक विचारतात, मग प्रत्येक गावात हेलिऑक्स असावं का? मी नाही म्हणते. चंदगड, गगनबावडा, आजरा इथून येणाऱ्या बाईला वेळेआधी कळा लागल्या तर आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळायला हवीत. बाळाच्या फुप्फुसाला ती पिकवतात, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ मध्येच दाखवलंय. पुरता परिणाम व्हायला चोवीस तास लागतात. वहिनीला एकच डोस मिळाला आणि सहा तासांत बाळ आलं. बुडबुड्यांची ती बाटली प्रत्येक ठिकाणी हवी, ती चालवणारी सिस्टर हवी, बाळ गार न होता आणणारी गाडी हवी. एवढं झाल्यावर मोठ्या केंद्रात, जिथं ते वापरायचं शिक्षण घेतलेली माणसं आहेत तिथं, हेलिऑक्सचे सिलिंडर असावेत. घसा सुजलेल्या एका बाळासाठी, दोन रात्रींसाठी. मला हे मागणं मोठं वाटत नाही.

नवव्या दिवशी वहिनी व्हीलचेअरवर आली. बाळ तिच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवलं, वरून पदर. वहिनी रडली नाही. म्हणाली, "किती हलकी आहे हो." बाळ सत्तेचाळिसाव्या दिवशी घरी आलं. बारशाला कुणीतरी फुगे आणले होते. आबांनी ते हळूच बाहेरच्या खोलीत नेऊन बांधले.

ती आता शाळेत जाते. आवाज थोडा घोगरा राहिलाय. वहिनीला त्याची काळजी वाटते. घशाच्या डॉक्टरांनी दोनदा बघून ठीक म्हटलंय. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला आमच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथं हेलियमची एक बारीक काचेची नळी आहे, वीज सोडली की गुलाबीसर उजळते. स्पेक्ट्रोस्कोपपुढं मी तिला स्टुलावर उभं केलं, एक डोळा मिटायला शिकवलं आणि म्हटलं, आत एक पिवळी रेघ दिसेल, ती शोध. ती श्वास रोखून बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

"दिसली," ती म्हणाली. मग डोळा न काढता, त्याच घोगऱ्या आवाजात, "आत्या, हिरवीपण हाय की."